पन्नास झुळका

बाईंच्या शिकवणीला नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी त्याला एक नियम सांगितला जाई. सुटा शब्द विचारायचा नाही. इंग्रजीचा कुठलाही शब्द अडला तर तो ज्या वाक्यात आहे ते सबंध वाक्य वाचून दाखवायचं, मग बाई अर्थ सांगणार. "भाजीवाल्यापुढे उभं राहून नुसतं 'हिरवी द्या' म्हटलं तर तो काय देईल?" बाई विचारत. कोणीतरी "मिरची" म्हणे, कोणी "मेथी", बाकीची हसत आणि नियम डोक्यात बसे. बाई शिकवायला चांगल्या होत्या, आणि आपण चांगल्या आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

या नियमातून फक्त एकाला सूट होती, ती बाईंच्या भावाला. त्याला घरी, दारी, कामावर सगळे धाकटाच म्हणत. मिशा आल्या, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तरी धाकटा तो धाकटाच. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणाऱ्या एका कंपनीत तो होता. गच्चीवरून दोन जाड तारांना लोखंडी पिंजरा लटकवायचा, त्यात दोन माणसं बादल्या आणि रबरी पट्ट्या घेऊन उभी राहणार, आणि एकेक मजला उतरत काचा पुसणार. कामगार त्या पिंजऱ्याला पाळणा म्हणत. पाळणा कधी सोडायचा, कधी वर घ्यायचा हे गच्चीवरचा माणूस ठरवतो. हा गच्चीवरचा माणूस म्हणजे धाकटा. आणि पाळण्यातल्या दोघांपैकी एक बाईंचे मिस्टर.

खरं तर ते एकट्या धाकट्याचे दाजी. पण तो हाक मारतो म्हणून कामावर सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले, अगदी त्यांच्याहून वयाने मोठा असलेला पाळण्यातला जोडीदारसुद्धा. धाकट्याला या कंपनीत चिकटवलं दाजींनी. गच्चीवर मात्र त्याला बाईंनी चढवलं. जुना मुकादम काम सोडून गेला तेव्हा बाई स्वतः जाऊन सांगून आल्या की माझ्या भावाला इंग्रजी येतं. इंग्रजी लागायचं कारण असं की मुख्य ऑफिसातून रोज सकाळी हवामानाचा निरोप फोनवर यायचा, आणि तो इंग्रजीत असायचा. गच्चीवर इंग्रजी धड कोणालाच येत नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने शेळ्यांची भाषा कशाला शिकायची?

धाकट्याचं इंग्रजी बेताचंच होतं. निरोपात सुरुवातीला वाऱ्याचा आकडा असे. तो चाळीसच्या आत असला की पाळणा सोडायचा, वर गेला की नाही, एवढं त्याला पक्कं माहीत. एखादा नवा शब्द आला की गच्चीवरूनच ताईला फोन. मोबाइलवर अर्थ बघ ना, असं कोणी म्हटलं तर तो म्हणे, "मोबाइल दहा अर्थ देतो. ताई एकच देते." हे कानावर आलं की बाई लटक्या रागाने "मी काय डिक्शनरी आहे का" म्हणत आणि मनातल्या मनात फुलून जात.

त्या सकाळी फोन आला तेव्हा पुढच्या खोलीत मुलं सतरंजीवर बसली होती आणि दारात एका मुलीची आई उभी होती. मुलीचे मार्क कमी झाले ते शिकवणी लावल्यापासून, असं तिचं म्हणणं. बाईंचा पारा चढला होता, पण आवाज साखरेत घोळवलेला होता, आणि हे दोन्ही एकदम सांभाळायला किती कष्ट पडतात हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्यात फोन वाजला.

"ताई, गस्ट म्हणजे काय गं?"

"झुळूक. वाऱ्याची झुळूक."

"नाही, इथे पुढे असं लिहिलंय की..."

"अरे, झुळूक म्हणजे झुळूक. तिला पुढे काय आणि मागे काय? माझी मुलं बसलीयेत. ठेव आता."

मुलं खुदकन हसली. बाईंनी फोन ठेवला आणि त्या आईला म्हणाल्या, "भाऊ माझा. चांगल्या जागी आहे, पण मला विचारल्याशिवाय तिथे पान हलत नाही." हे वाक्य त्यांनी मुद्दाम टाकलं होतं, त्या बाईला ऐकवायला. आई जराशी वरमलीही.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना तो शब्द झुळूक म्हणूनच आठवला. शिकवणीच्या पुस्तकात वाऱ्याच्या धड्याशेजारी एक चित्र होतं. एका मुलीची टोपी उडालीय, ती हसत हसत टोपीमागे धावतेय, आणि खाली तो शब्द. वर्षानुवर्षं ते चित्र बघून बाईंच्या मनात त्या शब्दाला हसरा चेहरा चिकटून बसला होता.

दुपारी दवाखान्यातून फोन आला.

काय झालं ते बाईंना पाळण्यातल्या जोडीदाराने सांगितलं. तो अपघात विभागाच्या बाहेर बाकावर बसला होता, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, हातात न प्यायलेला चहा. सांगताना तो मधेच हसायला लागे, आणि आपण का हसतोय हे न कळून थांबे.

"सकाळी धाकट्याने वॉकीटॉकीवर सांगितलं, वारा बारा आहे, आरामात जा. आणि म्हणाला, दुपारनंतर पन्नास झुळका येणार आहेत म्हणे, ऑफिसने मोजून पाठवल्यात. नीट मोजा, एखादी कमी पडली तर कळवावं लागेल. दाजी इतके हसले, बाई. म्हणाले, एकोणपन्नासच आल्या तर पगार कापतील का? सकाळभर तेच चाललं होतं आमचं. जरा केस उडाले की दाजी म्हणायचे, ही सहावी, ही सातवी."

"मग?"

"मग जेवणानंतर आली एक. काही समजायच्या आत पाळणा भिंतीपासून लांब गेला, आणि परत आला तो कोपऱ्यावरच. दाजींचा हात कठड्यावर होता."

उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत ठिकठिकाणी मोडला होता. बरगड्यांनाही मार होता. डॉक्टर म्हणाले जीव वाचला हेच नशीब, हाताचं पुढे बघू. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि भिंतीला टेकून मोबाइलवर तो शब्द शोधला. अचानक येणारा वाऱ्याचा जोरदार झोत. खाली नमुन्याचं एक वाक्यही दिलं होतं, वाऱ्याच्या झोताने दार धाडकन आपटलं असं. बाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कुठेतरी झुळूक सापडेल म्हणून त्या खालपर्यंत गेल्या. सापडली नाही.

बारा हा सरासरी वारा आणि पन्नास हा मधूनच येणारा झोत, हे ऑफिसच्या निरोपातल्या वाक्यात स्पष्ट लिहिलं होतं. झुळूक म्हटल्यावर मात्र पन्नास हा वेग कसा असेल? मग ती मोजणीच झाली. धाकट्याने चूक केली तीही बहिणीच्या शब्दावर विश्वास ठेवून, आणि पुढचं वाक्य वाचून दाखवायला निघाला होता तेव्हा तिने त्याचं तोंड बंद केलं होतं. चार पोरांना रोज जे बजावते ते मी स्वतः पाळलं असतं तर. बाईंच्या डोक्यात एवढं एकच घोळत राहिलं.

धाकटा दवाखान्याच्या जिन्यात बसला होता. कंपनीने त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"मी सांगते त्यांना," बाई म्हणाल्या. "शब्द माझा होता."

"काही सांगू नकोस."

"अरे, तुझी नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल. ताई, दाजी आत सारखं म्हणतायत, हसत हसत सोडलं मला खाली, हसत हसत सोडलं. आयुष्यभर ते माझ्याशी बोलले नाहीत तरी मी माझ्या घरी जाऊन झोपेन. तुला त्यांच्याच घरात राहायचंय." मग तो म्हणाला, "आणि गच्चीवर मी होतो, तू नव्हतीस."

खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी हायसं वाटलं. भाऊ एवढं म्हणतोय तर तूर्त राहू दे, दाजी जरा बरे झाले की सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तूर्त हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या पोटात कितीही दिवस मावतात.

दाजी घरी आले. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, बरगड्यांमुळे वाकता येत नाही. बाई त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायला लागल्या. तोंड धुवायचं, दाढी करायची, एक बाही कापून शर्ट घालायचा, आणि दोन्ही वेळा शेजारी बसून चमच्याने भरवायचं. दाजी मुळात थट्टेखोर माणूस. पहिले काही दिवस ते म्हणत, "लग्नात घास भरवताना लाजत होतीस, आता बघ." बाई हसत नसत. घास थोडा गरम असला तर फुंकर घालून गार करत, तीही अगदी हलकी.

"एवढं करू नकोस गं," दाजी एकदा म्हणाले. "मला लाज वाटते. तू माझ्यासाठी एवढी राबतेस आणि ज्याने केलं तो तिकडे मजेत."

"तो मजेत नाही हो."

"त्याची बाजू घेऊ नकोस. भाऊ आहे म्हणून मी तुला काही म्हणत नाही. पण या घरात त्याने पाय ठेवायचा नाही."

धाकटा यायचाच. बेल वाजवायचा, हातात फळांची पिशवी, आणि दार उघडलं की उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून डोळ्यांनीच विचारायचा, कसे आहेत? पहिल्या दिवशी आतून दाजींनी विचारलं, "कोण आहे?"

बाई म्हणाल्या, "कोणी नाही."

धाकट्याने ते ऐकलं. त्याने पिशवी दाराशी ठेवली आणि तो निघून गेला. त्यानंतर तो आला की हेच व्हायचं. आतून प्रश्न, बाहेर धाकटा, मधे बाई, आणि "कोणी नाही" म्हणत लावलेलं दार. फळं बाई बाजारातून आणली म्हणून सांगत आणि दाजींना सोलून भरवत. दाजींना ती आवडत. "चांगली मिळाली गं," ते म्हणत.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खात होते दाजी आणि खवखवत होतं बाईंना.

शिकवणी त्यांनी पुन्हा सुरू केली. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती, आणि आतल्या खोलीतून दाजींना मुलांचा आवाज ऐकू आला की बरं वाटे. ते सगळ्यांना सांगत, आमच्या बाईंसारखं इंग्रजी या भागात कोणाला येत नाही. पडल्या पडल्या कान देऊन ऐकत आणि एखादा शब्द स्वतःही घोकत. वाऱ्याचा धडा आला तेव्हा बाईंनी ते पान घाईघाईने उलटलं. तेवढ्यात मागे बसणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, यातला गस्ट मला येतो. झुळूक. तुम्ही त्या दिवशी फोनवर सांगितलं होतं."

बाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. दाजींचा डोळा लागला होता की नाही, त्यांना कळेना.

"झुळूक नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जोराचा झोत. खोडा ते."

"पण तुम्हीच सांगितलं होतं."

"चुकीचं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या, आणि मुलं अशी गप्प झाली की जणू कोणीतरी पडलं. बाई चुकतात हे त्यांना नवीन होतं. बाई पुढचा धडा वाचायला लागल्या, पण ओळ त्यांच्या डोळ्यांपुढे हलत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी सांगायचं ठरवलं. भात कालवला, चमचा भरला, तोंड उघडलं आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" दुसऱ्या दिवशीही ठरवलं. असं ठरवण्यात बाई तरबेज होत होत्या.

मग मुख्य ऑफिसातून निरोप आला की चौकशीचे साहेब घरी येऊन दाजींशी बोलणार आहेत. ज्याला लागलं त्याचं म्हणणं महत्त्वाचं, त्यावर गच्चीवरच्या माणसाचं काय करायचं ते ठरेल. दाजींनी आदल्या दिवसापासून आपलं म्हणणं तयार ठेवलं होतं. "मला भरपाई नको, काही नको. फक्त एक सांगणार, त्याला पुन्हा कुठल्याही गच्चीवर उभं करू नका. आज माझा हात गेला, उद्या कोणाचा जीव जाईल." हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की बाईंना त्यांच्यावर रागावताही येईना. त्यांचं चूक काय होतं? त्यांना जेवढं माहीत होतं त्यावरून ते अगदी बरोबर बोलत होते.

बाईंनी धाकट्याला फोन केला. "उद्या साहेब येतायत. हे सांगणार आहेत, तुला काढा म्हणून."

"सांगू देत."

"मी बोलते उद्या."

"ताई, ऐक माझं..."

बाईंनी फोन ठेवून दिला. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पुन्हा त्याचं वाक्य आपण मधेच तोडलं.

साहेब आले. वयाने तरुण, बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आलेले, अवघडलेले. पलंगाशेजारी शिकवणीची लाकडी खुर्ची ठेवली होती तिच्यावर बसले. दाजींनी घडलं ते सगळं सांगितलं, हात कठड्यावर कुठे होता तेही. पन्नास झुळकांची थट्टाही सांगितली. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"निरोपात गस्ट असं लिहिलं होतं," साहेब म्हणाले. "त्याचा त्याने झुळूक असा अर्थ का घेतला, हेच आम्हाला कळत नाहीये. त्याला विचारलं तर म्हणतो, मला तसं वाटलं. दुसरं काही बोलायलाच तयार नाही."

"बोलणार काय," दाजी म्हणाले. "साहेब, तुम्ही म्हणाल हा काचा पुसणारा, याला इंग्रजीतलं काय कळतंय. पण माझी बायको इंग्रजी शिकवते. तिच्या हाताखालून किती मुलं गेली. तिला विचारा. सख्खा भाऊ आहे तिचा, तरी ती खरं तेच सांगेल." त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. चेहऱ्यावर केवढा अभिमान होता. "बाई, सांग साहेबांना. गस्ट म्हणजे काय?"

बाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. चहाचे कप एकमेकांवर वाजत होते, म्हणून त्यांनी ट्रे आधी टेबलावर ठेवला.

"झुळूक," बाई म्हणाल्या.

दाजींना वाटलं त्या थट्टा करतायत. "अगं, नीट सांग."

"त्या दिवशी सकाळी त्याने गच्चीवरून मला फोन केला. गस्ट म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं, झुळूक. तो पुढचं वाक्य वाचत होता, मी वाचू दिलं नाही. दारात एक बाई भांडत होती, तिच्यापुढे मला मोठं व्हायचं होतं. मी फोन ठेवला." त्यांचा आवाज शिकवतानाचाच होता, एकेक वाक्य सुटं, स्वच्छ. "त्याने मला विचारून पाळणा सोडला, साहेब. आणि दवाखान्यात मी सांगते म्हणाले तर त्याने सांगू दिलं नाही. मीही तेवढ्यावर गप्प बसले."

साहेबांनी चहाकडे पाहिलं आणि घेतला नाही. शेवटी ते म्हणाले की फोन कोणाला केला हा कंपनीचा विषय नाही, पण निरोप इंग्रजीत का जातात हा आहे, आणि ते तसं बोलतील. मग दाजींकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

"माझं काही म्हणणं नाही," दाजी म्हणाले. "त्याला कामावर घ्या."

साहेब गेले. बाई पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या. दाजी छताकडे बघत होते.

"अहो..."

"शब्द चुकला असता तर मी काही बोललो नसतो," दाजी म्हणाले. "माझ्याही हातून बादली सुटलीय वरून, नशिबाने खाली कोणी नव्हतं. पण तो दारात यायचा ना? बेल मला ऐकू यायची. मी विचारायचो कोण आहे, आणि तू..." ते थांबले. बरगड्या दुखत असाव्यात. "मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, आणि तू मला दोर वळून देत होतीस. ती फळं कोणाची होती?"

"त्याचीच."

दाजींनी डोळे मिटले.

जेवायच्या वेळी बाई ताट घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या शेजारी बसल्या. दाजींनी डावा हात पुढे केला आणि चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला. पहिला घास छातीवर सांडला, दुसरा उशीवर. बाईंचा हात नकळत पुढे गेला, तसे दाजी थांबले आणि त्यांच्याकडे न बघता हात मागे जाईपर्यंत तसेच थांबून राहिले. मग पुन्हा डाव्या हाताने सुरू केलं. निम्मा भात अंगावर, निम्मा पोटात. बाई ते सगळं बघत बसल्या. उठून जाणं सोपं गेलं असतं, पण त्या उठल्या नाहीत.

जेवण अर्धवट टाकून दाजी म्हणाले, "त्याला बोलव."

बाईंनी फोन लावला. पलीकडून धाकटा एका दमात सुरू झाला, तू काही बोलली नाहीस ना, साहेबांनी मला फोन केला होता, ते काहीतरी वेगळंच विचारत होते, ताई, तुला मी सांगितलं होतं ना, आता दाजी तुला काय म्हणाले, तू ठीक आहेस ना. बाईंनी एकदाही त्याला तोडलं नाही. त्याचं सगळं बोलून झालं, त्यानंतरही जरा वेळ त्या थांबल्या, न जाणो अजून काही असेल. मग म्हणाल्या, "ये. ते बोलावतायत."

संध्याकाळी बेल वाजली.

"कोण आहे?" आतून दाजींनी विचारलं. ते काय विचारतायत हे बाईंना कळलं.

"धाकटा आहे," बाईंनी मोठ्याने सांगितलं.

तो उंबऱ्यावर अडखळला, पिशवी कुठे ठेवावी त्याला कळेना. ती हातात घेऊनच तो पलंगापाशी गेला आणि उभा राहिला. दाजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. धाकट्याने बहिणीकडे पाहिलं.

"तिकडे बघू नकोस," दाजी म्हणाले. "बस इथे. सकाळपासून पोटात धड काही नाही. मला भरव."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

बाईंनी आतून गरम भात आणून दिला आणि त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरल्या. धाकट्याने आयुष्यात कोणाला भरवलं नव्हतं. त्याने चमचा शिगोशीग भरला, दाजींच्या हनुवटीवर भात आणि त्याच्या डोळ्यांत पाणी.

"ही कितवी?" दाजींनी तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

धाकट्याला आधी कळलं नाही.

"पन्नास आहेत ना. मोज नीट. एखादी कमी पडली तर ऑफिसला कळवावं लागेल."

धाकटा मान खाली घालून रडायला लागला. दाजींनी डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. बाईंना हे सगळं दारातून दिसत होतं. त्यांना कोणी आत बोलावलं नाही, आणि बोलावावं असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. त्या ओट्यापाशी गेल्या. तिथे सकाळचा चहा कपांत तसाच पडला होता, तो ओतला, कप धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

बऱ्याच वेळाने आतून दाजींचा आवाज आला.

"पाणी."

मागेपुढे काही नाही, नुसता शब्द. बाईंनी पेला भरला आणि नेऊन दिला.